आवारातलं झाड छाटायचं की काढायचं? आधी बुंध्याशी बसा, मग वर बघा

एप्रिल लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर झाडांचा विषय निघतो. कुणाच्या गाडीवर चिकटा पडतो, कुणाच्या खिडकीत फांदी घुसते, कुणी मागच्या पावसात पडलेल्या झाडाचा फोटो टाकतो. आठवड्याभरात छाटणीवाला येतो, शेंडा उडवून जातो आणि बुंध्याशी कुजलेलं मूळ आहे तसंच राहतं. दुसरीकडे ठणठणीत झाड 'वाकलंय' म्हणून काढायचा ठराव होतो.

दोन्हीकडे चूक एकच: निर्णय वरून खाली घेतला जातो. अख्खं झाड पडतं ते मुळापाशी नाहीतर बुंध्यापाशी दगा दिल्यामुळे, म्हणून पाहणीही तिथूनच सुरू करायची. आणि छाटणीचं कंत्राट ज्याला मिळणार, त्यालाच 'काय करू या?' असं विचारायचं नाही.

## १. तयारी: कधी बघायचं, हाताशी काय हवं

पाहणी दोनदा करा. पहिली सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, कारण लाकूड कुजवणारी बुरशी पावसाच्या ओलीत बाहेर फळते. एप्रिलमध्ये तीच वाळून गळालेली असते आणि खोड निरोगी वाटतं. दुसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानगळीची झाडं उघडी असताना. तेव्हा फांद्यांचे सांधे स्वच्छ दिसतात. परवानगीला लागणारा वेळ धरला तर ऑक्टोबरची पाहणी जास्त उपयोगाची. मे महिन्यात सगळ्या मुंबईला एकदमच छाटणी हवी असते.

सामान फारसं नाही:

- मोजपट्टी, खुरपं, खडू
- लाकडी हातोडा (धुण्याची मोगरीही चालते)
- ५-६ मिलिमीटर जाडीची, दोन फुटांची लोखंडी सळई
- ओळंबा
- फोटोसाठी मोबाइल. दुर्बीण मिळाली तर उत्तम

जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर मोजून लिहून ठेवा. पुढचे दोन आडाखे त्यावरच चालतात. घेराएवढं अंतर म्हणजे झाडाला उभं धरणाऱ्या जाड मुळांचा पट्टा. घेराच्या चौपट अंतर म्हणजे ज्याच्या आत खणणं टाळायचं तो पट्टा. घेर १२० सेंटीमीटर असेल तर पहिला पट्टा खोडापासून साधारण सव्वा मीटरचा, दुसरा पावणेपाच मीटरचा. दोन्ही खडूने जमिनीवर आखून घ्या.

झाड कोणतं तेही लिहा. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. पर्जन्यवृक्षाचा (रेन ट्रीचा) पसारा आडवा, त्यामुळे लांब फांद्यांवर ताण जास्त. नारळाचा हिशेब पूर्ण वेगळा, तो शेवटी येईल.

थांबा: खाडीलगत कुंपणाबाहेर खारफुटी असेल तर तिला हात लावायचा नाही. हा लेख तिच्यासाठी नाही.

## २. मुळं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

उकिडवे बसा आणि खोड जमिनीत कसं शिरतंय ते बघा. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीजवळ रुंदावतो आणि मुळांचे खांदे बाहेर डोकावतात. तुमचं खोड विजेच्या खांबासारखं सरळ खाली गेलेलं दिसलं, तर आवाराची पातळी कधीतरी वाढवली गेली आहे. भराव, त्यावर सिमेंट, त्यावर पेव्हर ब्लॉक असे थर मुंबईत जवळजवळ प्रत्येक आवारात सापडतात. मातीत गाडलेली खोडाची साल ओली राहून कुजते आणि ती कूज वरून दिसत नाही. खुरप्याने चारी बाजूंनी हलक्या हाताने माती काढत खाली जा. साल टणक लागली तर ठीक. काळी पडून बोटांनी सुटत असेल तर सळई टोचून बघा, किती आत जाते ते.

आता पहिल्या पट्ट्यात काय काय खणलं गेलंय ते शोधा. गॅसची पाइपलाइन, पाण्याची नवी लाइन, केबल, कंपाउंड वॉलचा पाया, गटाराची दुरुस्ती. सेक्रेटरींपेक्षा वॉचमनला विचारा, त्याला नेमकं आठवत असतं. घेराएवढ्या अंतराच्या आत, एका बाजूची मुळं सरळ रेषेत तोडली गेली असतील, तर वर पालवी कितीही हिरवीगार असो, ते झाड धोक्याच्या यादीत टाका. मुळं तुटल्यावर पानं लगेच वाळत नाहीत. उरलेल्या मुळांवर झाड एक-दोन वर्षं तग धरतं आणि मग जोरदार पावसाच्या रात्री ओल्या मातीतून उपटून पडतं.

त्यानंतर कल. झाड वाकलेलं असणं हा दोष नव्हे. उजेडाकडे वाढताना झुकलेलं आणि वर पुन्हा सरळ झालेलं झाड बहुधा त्याच कलाने आयुष्य काढतं. भीती असते नव्या कलाची. ओळंबा धरून, ठरलेल्या एकाच जागेवरून फोटो काढा आणि जुन्या फोटोंशी ताडा (गणपतीचे, झेंडावंदनाचे फोटो इथे कामी येतात). झुकलेल्या बाजूच्या विरुद्ध बाजूला माती उचलली गेली आहे का, पेव्हरमध्ये कमानीसारखी भेग पडली आहे का, ते बघा.

थांबा: कल नवा आणि मागची माती उमळलेली, असं दोन्ही एकत्र दिसलं तर पुढची पाहणी सोडून द्या. खालच्या गाड्या हटवा, दोरी बांधून जागा बंद करा आणि महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवा.

तपासा: पेव्हर उचलले गेले एवढ्यावरून झाड धोकादायक ठरत नाही. जाड होणारं मूळ ब्लॉक उचलतंच. तो दोष ब्लॉक खोडाला भिडवून बसवणाऱ्याचा. खोडाभोवती किमान एक मीटरभर जागा मोकळी करा, मुळावर कुऱ्हाड चालवू नका.

## ३. खोड: ठोकून, टोचून, मोजून

मोगरीने खोड सगळीकडून ठोका, कंबरेपासून खाली. भरीव लाकूड बंद आवाज देतं, पोकळ जागी ढबढब येतं. आवाज बदलतो तिथे खडूची खूण करा. खुणा जोडल्या की पोकळीचा नकाशा मिळतो.

पोकळ म्हणजे काढायचं, असं मात्र नाही. झाडाला उभं ठेवतं ते बाहेरचं कवच. साधा हिशेब असा: घेराला ६.२८ ने भागा म्हणजे त्रिज्या मिळेल, आणि भरीव कवच त्या त्रिज्येच्या निदान एक तृतीयांश जाड हवं. १५० सेंटीमीटर घेराच्या झाडाची त्रिज्या सुमारे २४ सेंटीमीटर, म्हणजे ८ सेंटीमीटर कवच सगळीकडून भरीव पाहिजे. ढोलीला तोंड असेल तर तिथून पट्टी घालून जाडी मोजता येते. पण तोंडच रुंद असेल, घेराच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठं, तर हा हिशेब पुरत नाही. उघडी नळी बंद नळीपेक्षा लवकर मोडते. अशा वेळी वृक्षतज्ज्ञाला बोलवा.

बुरशी कुठे आहे ते महत्त्वाचं. फांदीवरची बुरशी ही फांदीपुरती गोष्ट. बुंध्याशी मात्र अर्धगोल, लाकडासारखी कडक, वरून तांबूस-तपकिरी चकाकी आणि कडेला पांढरी किनार अशी अळंबी दिसली तर ती बहुधा गॅनोडर्मा. आवारातल्या गुलमोहरावर ही हमखास सापडते. ती मुळांचं आणि बुंध्याचं लाकूड आतून खाते. अळंबी खरवडून टाकली म्हणजे रोग गेला, असं समजू नका. फोटो काढून तिथेच राहू द्या, पाहणीला येणाऱ्या माणसाला ती दिसली पाहिजे.

भेग उभी असेल तर तिच्या दोन्ही टोकांना खडूने रेघ मारून तारीख टाका आणि पंधरा दिवसांनी बघा. पुढे सरकली असेल किंवा खोडाच्या विरुद्ध बाजूलाही तशीच भेग असेल, तर वाट बघू नका.

वाळवीची मातीची नळी दिसली की लोक घाबरतात. वाळवी बऱ्याचदा वरची मेलेली साल खात असते. नळी मोडा, खाली सळई टोचा. लाकूड टणक लागलं तर तो प्रश्न किरकोळ. भोकांमधून भुसा पडत असेल तर खोडकिडा आहे, आणि आंब्याच्या बाबतीत तो गंभीर.

हे करू नका: ढोलीत सिमेंट भरणं. हा प्रकार अजूनही चालतो. वाऱ्याने झाड हलतं, सिमेंट हलत नाही; दोघांमध्ये फट पडते, पाणी मुरतं आणि कूज वाढते. वर मोजणीची सोयही जाते. पाणी निघावं म्हणून खालून भोक पाडणंही चूक, कारण झाडाने कुजीभोवती घातलेली आतली भिंत त्याने फुटते.

खोडाला आवळलेली तार, नायलॉनची दोरी, रोषणाईची वायर असेल तर आजच कापा. खोड जाड होत जातं आणि तार सालीत रुतते.

## ४. वरचा पसारा

आता मान वर करा. चार गोष्टी शोधायच्या:

- मनगटाहून जाड वाळलेल्या फांद्या.
- इंग्रजी 'व्ही'सारखा अरुंद सांधा, ज्यात दोन फांद्यांमध्ये साल दबलेली आहे. 'यू'सारखा रुंद सांधा मजबूत.
- जुन्या शेंडेछाटणीच्या जागी फुटलेले फांद्यांचे झुबके.
- टोकांकडून आत येणारी मर: शेंडे वाळलेले, आत तुरळक पानं.

तिसऱ्या मुद्द्यावर जरा थांबू. शेंडा उडवलेल्या जागी जे धुमारे येतात ते सालीलगत चिकटलेले असतात, लाकडात रुजलेले नसतात. दोन-तीन पावसाळ्यांत ते हाताएवढे जाड होतात आणि खाली छाटलेलं टोक कुजू लागतं. 'छाटलं तरी फांद्या पडतात' ही तक्रार इथून येते. खरं तर छाटलं *म्हणून* पडतात.

तपासा: झाड मेलंय की पानगळ आहे? गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडे पडतात, देशी बदाम तर पानं लाल करून झटकून टाकतो. पेन्सिलीएवढ्या डहाळीची साल नखाने खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर असेल तर जिवंत. एकाच डहाळीवर निकाल देऊ नका, चार दिशांच्या चार बघा. पर्जन्यवृक्षाच्या डहाळ्यांवर कापसासारखा पांढरा थर असेल तर तो पिठ्या ढेकूण, आणि गाडीवरचा चिकटा बहुधा त्याचाच.

## ५. खाली काय आहे?

तेच झाड मोकळ्या कोपऱ्यात असेल तर धोका नाही म्हणावा इतका कमी. मुलांच्या घसरगुंडीवर असेल तर मोठा. झाडाच्या उंचीएवढ्या वर्तुळात काय येतं ते कागदावर काढा: गेट, पार्किंग, पाण्याची टाकी, झोपण्याच्या खोल्या, शेजारच्या चाळीची पत्र्याची शेड. मग हलवता काय येईल ते बघा. पार्किंगची एक जागा बदलणं हे झाड काढण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि ठरावही लवकर होतो.

## ६. निर्णय

काढण्याचा अर्ज करा, जर यातलं एकही पक्कं दिसत असेल आणि खाली माणसांचा वावर असेल: झाड पूर्ण मेलेलं, नवा कल आणि उमळलेली माती, पहिल्या पट्ट्यातली साधारण अर्ध्या बाजूची मुळं तुटलेली किंवा कुजलेली, कवच त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून पातळ, बुंध्यावर गॅनोडर्मा आणि तिथेच पोकळ आवाज.

छाटणी पुरे, जर मुळं आणि खोड ठीक असून दोष वरच असेल: वाळलेल्या फांद्या, कमकुवत सांधा, इमारतीला घासणारी फांदी, पथदिव्याच्या आड येणारा पसारा.

काहीच करू नका, जर तक्रार पानगळीची, सावलीची, पक्ष्यांच्या विष्ठेची किंवा गाडी खराब होण्याची असेल. या यादीत कुणाला नाव घालायला आवडत नाही, पण बहुतेक तक्रारी इथल्याच असतात.

काढणं आणि नुसती छाटणी यांच्या मधलं झाड असतंच: कवच काठावरचं, मुळं थोडी दुखावलेली. तिथे पसाऱ्याची टोकं थोडी आत घेऊन वाऱ्याचा भार कमी करता येतो आणि दर ऑक्टोबरला मोजणी करत राहता येतं. पण हे तज्ज्ञाच्या लेखी सल्ल्यानेच करा.

## ७. परवानगी

झाड तुमच्या जागेत असलं तरी परवानगी लागते, छाटणीलाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये झाड 'तोडणे' यात जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' ठरतं. तिथे चाळणी आणखी बारीक.

क्रम असा:

1. महापालिकेचं आपलं विभाग (वॉर्ड) कार्यालय ओळखा. दादर जी उत्तरमध्ये, अंधेरी पश्चिम के पश्चिममध्ये, मुलुंड टी विभागात. अर्ज तिथल्या उद्यान खात्याकडे जातो.
2. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज: झाडाचं नाव, घेर, अंदाजे उंची, नेमकी जागा, दोष कोणता आणि काय हवंय. सोबत जागेचा साधा नकाशा, समितीच्या ठरावाची प्रत आणि फोटो. फोटो तीन प्रकारचे द्या: पूर्ण झाड, दोषाचा जवळून, आणि खाली काय आहे त्याचा.
3. अर्जात 'झाड धोकादायक आहे' एवढंच लिहू नका. 'पूर्वेकडच्या बाजूला खोडापासून ८० सेंटीमीटरवर मुळं तुटलेली, पश्चिमेकडे नवा कल' असं लिहा. पाहणीला येणारा माणूस थेट त्या जागी जातो.
4. स्थळपाहणीला पट्टे आखणारा माणूस हजर ठेवा.
5. परवानगीत नेमकं काय लिहिलंय ते वाचा. छाटणीच्या परवानगीवर झाड कापणं हा गुन्हाच. किती फांद्या, कोणती अट, मुदत कधीपर्यंत, याची प्रत नोटीस बोर्डावर लावा.

झाड काढायची परवानगी मिळाली तर बदली झाडं लावण्याची अट सोबत येते. ती कुठे लावणार हे अर्जाआधीच ठरवा.

थांबा: बुंध्याला आम्ल, मीठ, गरम पाणी, सालीची गोल पट्टी काढणं, हे 'उपाय' गुन्हा तर आहेतच, पण मेलेलं झाड जिवंत झाडापेक्षा जास्त धोकादायक. गाड्या तुमच्याच असतात.

## ८. छाटणीच्या दिवशी

आदल्या दिवशी घरटी बघा. कावळ्यांचा विणीचा हंगाम आणि पावसाळ्यापूर्वीची छाटणी नेमकी एकाच वेळी येते. बगळ्यांची घरटी पावसात असतात. अंडी-पिल्लं असतील तर ती फांदी पुढे ढकला. फांद्यांत विजेची तार असेल तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद झाल्याशिवाय माणूस वर चढवू नका.

गाड्या हलवा, झाडाच्या दीडपट उंचीएवढी जागा दोरीने बंद करा. वर चढणाऱ्याला हेल्मेट आणि कमरेचा पट्टा हवाच. खाली एक माणूस फक्त लोकांना अडवायला.

कापण्याचे नियम मुकादमाला काम सुरू व्हायच्या आधी सांगा:

किती? वर्षात हिरव्या पसाऱ्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त कधीच नाही. जुन्या झाडाला १०-१५ टक्के पुरे. खालच्या फांद्या काढायच्या तरी झाडाच्या उंचीचा वरचा दोन तृतीयांश भाग पानांचा राहिला पाहिजे.

कुठून? फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर वळसा असतो. कट त्या वळशाच्या लगेच बाहेर. वळसा कापला तर जखम भरत नाही. हातभर खुंट ठेवला तर तो कुजून कूज आत नेतो. लांब फांदी आखूड करायची असेल तर तिच्या जाडीच्या निदान तिसऱ्या हिश्श्याएवढ्या जाड उपफांदीपर्यंत कापा.

कसं? जाड फांदीला तीन कट. पहिला खालून, खोडापासून फूटभर बाहेर, पाव जाडीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्याही दोन इंच बाहेर, आरपार. फांदी सुटते पण साल खोडापर्यंत सोलत जात नाही. तिसरा उरलेला खुंट वळशालगत. करवतीने, कोयत्याने नव्हे. इमारतीजवळची फांदी दोरीने उतरवायची.

हमखास होणाऱ्या चुका: आतल्या सगळ्या बारीक फांद्या साफ करून फक्त टोकाला झुपका ठेवणं, भार टोकावर जातो आणि फांदी मधेच मोडते. एकाच बाजूची, म्हणजे आपल्या हद्दीतली, सगळी छाटणी; झाड दुसऱ्या बाजूला जड होतं. आणि कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइल पेंट फासणं, ज्याखाली ओल कोंडते. उघडं राहू द्या.

पैसे देण्याआधी प्रत्येक कट दुर्बिणीने बघा. खुंट राहिले असतील तर माणूस वर असतानाच सांगा.

## ९. नारळ

नारळाला फांद्या नाहीत, जखम भरून काढणारी सालही नाही. खोडावर पाडलेली खाच कायम राहते, म्हणून चढण्यासाठी खाचा पाडू देऊ नका. छाटणी म्हणजे वाळलेल्या झावळ्या, जुन्या वाळलेल्या पोयी (फुलोरे) आणि उतरवायचे नारळ, बस. आडव्या रेषेच्या वरच्या हिरव्या झावळ्या काढायच्या नाहीत. निरोगी माडावर तीसेक झावळ्या असतात आणि नवी साधारण महिन्याला एक येते, तेव्हा एकदम दहा काढल्या तर भरून यायला वर्ष जातं.

नव्या झावळीत पंख्यासारखे त्रिकोणी कट दिसले तर गेंड्या भुंगा. खोडाला भोकं, त्यातून तपकिरी चीक आणि चघळल्यासारखा चोथा, तर सोंड्या भुंगा; तो आतून पोखरतो आणि बाहेरून फार उशिरा कळतो. मधला कोंब ओढला असता हातात आला आणि कुजकट वास आला, तर माड गेला. त्याला दुसरा कोंब फुटत नाही. आजूबाजूच्या झावळ्या महिना-दोन महिने हिरव्या दिसतील, त्यावर विसंबू नका. काढायचा अर्ज लगेच द्या आणि कापल्यावर खोड आवारात पडू देऊ नका, सोंड्या भुंगा तिथून शेजारच्या माडावर जातो.

## १०. झाड काढावंच लागलं तर

अख्खं झाड एका बाजूला पाडण्याएवढी जागा मुंबईच्या आवारात नसतेच. वरून तुकडे करत, दोरीने उतरवत खाली यायचं. पोकळ किंवा मेलेल्या झाडावर माणूस चढवू नका, शिडीची गाडी लागते; ती गेटमधून आत येते का, ते आधी मोजा.

बुंध्याजवळच गॅस किंवा पाण्याची लाइन असेल तर खुंट उपटू नका, जमिनीलगत कापून ठेवा. गॅनोडर्माचं झाड असेल तर जमेल तेवढी मुळं काढा आणि नवं रोप त्याच खड्ड्यात न लावता काही मीटर बाजूला लावा. नवं झाड भिंतीपासून निदान तीन मीटर दूर असू द्या, आणि त्याच्याभोवतीचा मीटरभर चौकोन सिमेंटविना ठेवण्याचा ठराव त्याच सभेत करून घ्या.